विमान पडलं, मालकाचा बंगला कशाला दाखवायचा?

सातपुड्याच्या पायथ्याशी तालुका प्रतिनिधी म्हणून काम करणाऱ्या एका तरुण सहकाऱ्याने विचारलं आहे: "छोटं विमान कोसळलं की गावकऱ्यांच्या फोटोत त्याचा क्रमांक दिसतो. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, यादीत तो शोधला की मालकाचं नाव निघतं. डेस्क म्हणतं नाव द्या, गाव द्या, जमलं तर घराचा फोटो पाठवा. पोर्टलवाले तर तासाभरात सगळं टाकून मोकळे होतात. माहिती सरकारी यादीतलीच आहे, मग देण्यात गैर काय? आणि मालकाने नंतर फोन करून 'काढून टाका' म्हटलं, तर काय करायचं?"

भाऊ, थेट सांगतो. ज्या संस्थेचं विमान उडत होतं तिचं नाव पहिल्या बातमीत, पहिल्या परिच्छेदात द्या. त्यात अजिबात संकोच नको. पण नोंदवहीत मालक म्हणून ज्या व्यक्तीचं नाव दिसतं, ते पहिल्या दिवशी देऊ नका. आणि तिचं घर, पत्ता, फोन, मुलंबाळं हे कुठल्याच दिवशी देऊ नका. मालकाने काय केलं किंवा काय करायचं टाळलं, हा प्रश्न उभा राहिला की त्याचं नाव बातमीत आपोआप येईल. तोवर त्या नावाने वाचकाला काहीच कळत नाही. जिल्हा डेस्कवर मी बरीच वर्षं खानदेशची पानं लावली आहेत आणि या बाबतीत माझं मत दिवसेंदिवस पक्कंच होत गेलं आहे.

हा प्रश्न आता आपल्या दारातला आहे. धुळ्याला गोंदूरच्या धावपट्टीवरून बॉम्बे फ्लाइंग क्लबची विमानं उडतात. शिरपूरजवळ तांडे इथे धावपट्टी आहे, प्रशिक्षण संस्था आहे. 2021 मध्ये विमानतळ प्राधिकरणाने उड्डाण प्रशिक्षण संस्थांसाठी पाच विमानतळ दिले, त्यात बेळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारी यांच्याबरोबर आपलं जळगावही होतं. केळीच्या बागेत काम करणाऱ्या माणसाला डोक्यावरून जाणाऱ्या छोट्या विमानाचा आवाज आता नवा राहिलेला नाही. जिथे शिकाऊ वैमानिक रोज उडतात, तिथे कधी ना कधी अपघात होणार. त्याचं वार्तांकन मुंबईहून आलेला विमानवाहतुकीचा जाणकार पत्रकार करणार नाही. ते तुम्हीच करणार, हातातल्या मोबाईलवर, संध्याकाळच्या डेडलाइनच्या आत.

16 जुलै 2021 ला चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्याच्या डोंगरात शिरपूरच्या संस्थेचं प्रशिक्षण विमान कोसळलं. प्रशिक्षकाचा मृत्यू झाला, शिकाऊ वैमानिक तरुणी जबर जखमी झाली. गाडी जाईल असा रस्ता नव्हता. आदिवासी गावकऱ्यांनी कापडाची झोळी केली आणि तिला खाली आणलं. मला विचाराल तर त्या दिवसाची सगळ्यात मोठी बातमी ती झोळी होती. कोण धावलं, कसं धावलं, रुग्णवाहिका कुठपर्यंत पोहोचू शकली, डोंगरात मोबाईलची रेंज होती का, हे सगळं पुढच्या अपघातात कोणाचा तरी जीव वाचवणारं आहे. विमान कोणाच्या नावावर आहे यातून कोणाचाही जीव वाचत नाही.

पण होतं उलटंच. माणसं पोहोचण्याआधी फोटो पोहोचतात. "इमान पडनं रे भो" म्हणत कोणीतरी मोबाईल काढतो आणि मोडक्या पंखावरची, शेपटीजवळची अक्षरं त्यात येतात. व्हीटी, मग आडवी रेघ, मग तीन अक्षरं. ती लांबून वाचता यावीत म्हणूनच मोठी रंगवलेली असतात, त्यामुळे इंजिन जमिनीत रुतलेलं असलं तरी ती बऱ्याचदा शाबूत राहतात. तिथून पुढचं काम घरबसल्या होतं. यादी उघडली, क्रमांक टाकला, नाव मिळालं, नावावरून फेसबुक, फेसबुकवरून घरच्यांचे फोटो. अर्ध्या तासाचा खेळ. सोपं आहे म्हणूनच मोह होतो.

आता त्या यादीत नेमकं काय असतं ते पाहू. डीजीसीए देशातल्या नागरी विमानांची नोंदवही ठेवतं आणि नोंदणी झालेल्या विमानांची यादी संकेतस्थळावर खुली करतं. ते योग्यच आहे. विमान ही मोठी मालमत्ता आहे. विकत घेणाऱ्याला, कर्ज देणाऱ्याला, नुकसान झालेल्याला तिचा धनी कोण ते कळायला हवं. पण मालकाच्या रकान्यात नेहमी तुमच्या डोक्यातला 'मालक' नसतो. कधी तिथे विमान भाड्याने देणारी कंपनी असते. कधी ट्रस्ट असतो, कधी चार जणांनी मिळून काढलेली कंपनी असते, कधी खरोखरच एकटी व्यक्ती असते. आज सकाळी उड्डाणाला हिरवा कंदील कोणी दिला, देखभाल कोणाकडे होती, हवामानाचा अंदाज कोणी पाहिला, प्रशिक्षकाने सलग किती तास उड्डाण केलं होतं, यातल्या कशाचंही उत्तर त्या रकान्यात नाही. ते विमान चालवणाऱ्या संस्थेकडे मिळतं. म्हणून माझा आग्रह आहे की प्रश्न तिला विचारा.

यादी जुनी असू शकते आणि क्रमांक फसवू शकतो. 28 जून 2018 ला मुंबईत घाटकोपरला किंग एअर सी-90 जातीचं विमान भर वस्तीत पडलं. विमानातले चौघे आणि खालचा एक पादचारी, असे पाच जण गेले. विमानाचा क्रमांक व्हीटी-यूपीझेड. पूर्वी ते खरंच उत्तर प्रदेश सरकारचं होतं. त्यामुळे सुरुवातीला 'उत्तर प्रदेश सरकारचं विमान कोसळलं' अशीच बातमी फिरली. मग त्या सरकारला खुलासा करावा लागला की हे विमान आपण 2014 मध्येच मुंबईच्या यूवाय एव्हिएशन या कंपनीला विकलं आहे. सरकारजवळ माहिती खातं असतं, खुलासा काढायला अधिकारी असतात, त्यामुळे तिथे दुरुस्ती लगेच झाली. त्या जागी जळगावच्या आदर्शनगरातला एखादा डॉक्टर असता तर? हौसेने विमान घेतलं, परवडेना म्हणून विकलं, आणि कुठल्या तरी जुन्या यादीत त्याचं नाव राहून गेलं, असं समजा. सकाळी सातला त्याच्या म्हाताऱ्या आईला नातेवाइकांचे फोन सुरू होतील, तो दवाखान्यात पोहोचेपर्यंत दारात दोन कॅमेरे असतील. त्याचा खुलासा तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींत येईल, आणि तो कोणी वाचणार नाही. व्हॉट्सॲपवर फिरलेला जुना मजकूर मात्र पुढच्या वर्षीही फिरत राहील.

डेस्कवर येणारी कॉपी, म्हणजे बातमीदाराने पाठवलेला कच्चा मजकूर, कशी असते ते दाखवतो, म्हणजे माझा मुद्दा नीट कळेल. नावं-गावं अर्थातच काढून टाकली आहेत.

"शहरातील प्रसिद्ध उद्योजक अमुक यांच्या मालकीचे विमान आज दुपारी तमुक शिवारात कोसळले. अमुक यांचा महामार्गालगत आलिशान बंगला असून त्यांची दोन्ही मुले बाहेरगावी शिक्षण घेत आहेत. या अपघातात दोन जण जखमी झाल्याचे समजते."

जखमी शेवटच्या वाक्यात गेले, तेही 'समजते'च्या आधाराने. आधी बंगला आला. मुलांचा तर अपघाताशी काडीचा संबंध नाही. ही कॉपी माझ्या हातात आली तर मी ती अशी लावेन:

"तमुक शिवारात आज दुपारी दोन आसनी प्रशिक्षण विमान कोसळून प्रशिक्षक आणि शिकाऊ वैमानिक जखमी झाले. गावकऱ्यांनी दोघांना बाहेर काढले. त्यांना चोपडा येथून पुढील उपचारांसाठी जळगावला हलवण्यात आले आहे. विमान अमुक प्रशिक्षण संस्थेचे असून ते नेहमीच्या सरावासाठी निघाले होते, असे संस्थेने सांगितले. कापसाच्या शेताचे नुकसान झाले असून पंचनामा सुरू आहे."

मालक काढला, बंगला काढला, मुलं काढली. वाचकाचं काय कमी झालं ते सांगा. उलट त्याला चार नव्या गोष्टी कळल्या: माणसं कुठे आहेत, कोणी वाचवलं, कोणाचं विमान होतं, शेतकऱ्याचं काय झालं. त्यासाठी तुम्हाला चार फोन जास्त करावे लागतील, एवढंच.

काही जण म्हणतात, विमान बाळगणारा माणूस श्रीमंत असतो, त्याला कसली आलीय खासगी बाब? हा विचार मला मुळातच पटत नाही. 4 जुलै 2023 ला आपल्याच शिरपूर तालुक्यात पळासनेरला मुंबई-आग्रा महामार्गावर कंटेनरने गाड्यांना उडवलं आणि तो हॉटेलात घुसला. किती घरं उद्ध्वस्त झाली. त्या कंटेनरच्या मालकाचा बंगला कसा आहे, मुलं कुठे शिकतात, हे वाचल्याचं मला आठवत नाही, आणि कोणाला त्याची उणीवही भासली नाही. लोकांनी विचारलं ते ब्रेकविषयी, त्या उताराविषयी, रस्त्याच्या रचनेविषयी. विमानाच्या बाबतीतही तेवढंच विचारावं. शिवाय प्रशिक्षणातली पुष्कळशी विमानं जुनी असतात. दोन आसनी सेसना 152 चं उत्पादन 1985 मध्येच थांबलं, तरी ती अजून उडताना दिसतात. त्यामागे आलिशान जीवन असेलच असं नाही. कर्जाचे हप्ते फेडणारी छोटी कंपनीही असू शकते.

कायद्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण डेस्क नेमकी तीच ढाल पुढे करतं, म्हणून सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू खटल्यात म्हटलं की सार्वजनिक नोंदीवर आधारलेला मजकूर छापला तर खासगीपणाचा भंग झाला ही तक्रार सहसा टिकत नाही. म्हणजे डीजीसीएच्या यादीतलं नाव छापलं म्हणून तुम्हाला कोणी कोर्टात खेचून जिंकेल, असं सहज होणार नाही. पुढे 24 ऑगस्ट 2017 ला नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचं एकमताने सांगितलं. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले. कायद्याने बंधनकारक म्हणून जी माहिती जाहीर झाली आहे ती या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. पण पत्रकारितेला म्हणून सरसकट वेगळी सूट त्यात नाही. तेव्हा यादीतलं नाव एक आणि फेसबुकवरून उचललेला मुलीच्या लग्नाचा फोटो दुसरा, हा फरक लक्षात ठेवा. पहिल्याला सार्वजनिक नोंदीचा आधार आहे. दुसऱ्याला तो नाही.

प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत याहून सरळ म्हटलं आहे: खऱ्याखुऱ्या सार्वजनिक हिताचं कारण असल्याशिवाय वृत्तपत्राने व्यक्तीच्या खासगी आयुष्यात शिरू नये. नुसतं कुतूहल म्हणजे सार्वजनिक हित नाही, हेही तिथे आहे. कौन्सिल दंड करू शकत नाही, फार तर ताशेरे ओढते, म्हणून डेस्कवर तिची कोणी पर्वा करत नाही. मला वाटतं करावी. ती आपल्याच व्यवसायाने स्वतःसाठी आखलेली मर्यादा आहे.

अपघाताचा तपास करणारी मंडळी नावांशी कशी वागतात तेही पाहण्यासारखं आहे. भारतात 2012 पासून विमान अपघात तपास ब्यूरो आहे. तपासाच्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की तपासाचा हेतू पुढचे अपघात टाळणं हा आहे, दोष कोणाचा किंवा भरपाई कोणी द्यायची हे ठरवणं नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ज्या परिशिष्ट 13 वर हे नियम उभे आहेत, त्यानुसार तपास यंत्रणा अपघातात सापडलेल्या व्यक्तींची नावं जाहीर करत नाही. ब्यूरोचा कुठलाही अंतिम अहवाल उघडा. सुरुवातीला तक्ता असतो: विमानाचा प्रकार, क्रमांक, मालक, चालवणारी संस्था, जागा, वेळ. पुढे अख्ख्या अहवालात वैमानिक 'प्रशिक्षक', 'प्रशिक्षणार्थी' एवढ्याच ओळखीने येतात. वय, लायसन्स, उड्डाणाचे तास सगळं असतं, नाव नसतं. घर तर नाहीच. महिनोन्‌महिने खपून, नटबोल्ट तपासून केलेल्या कामाला मालकाचा बंगला लागत नसेल, तर आपल्या चारशे शब्दांना तो कशाला लागावा?

घाईत माणसाकडे बोट दाखवलं की काय होतं ते अहमदाबादच्या अपघातात दिसलं. 12 जून 2025 चं ते मोठं विमान, आपल्या विषयातलं नव्हे. पण महिन्याभराने प्राथमिक अहवाल आला आणि वैमानिकावर दोष टाकणाऱ्या बातम्या सुरू झाल्या. अखेर ब्यूरोला जुलैमध्ये जाहीर आवाहन करावं लागलं की तपास चालू असताना निष्कर्ष काढू नका. मोठ्या विमान कंपनीच्या वैमानिकामागे निदान संघटना उभ्या राहतात. छोट्या विमानाच्या मालकामागे कोणी नसतं.

मग मालकाचं नाव कधीच द्यायचं नाही का? द्यायचं, आणि ठामपणे द्यायचं. इथे मी कोणाचीही भीड ठेवायला सांगत नाही. विमान मालक स्वतः उडवत होता, तर तो अपघातातला माणूस आहे. घरच्यांना कळल्यावर त्याचं नाव येणारच. देखभालीची मुदत टळली असताना विमान उडवायला लावलं, विमा संपला होता, परवाना नव्हता, प्रशिक्षकांनी लेखी तक्रार केली होती आणि ती दाबली, यातलं काही कागदावर मिळालं तर मालकाचं नाव हेडिंगमध्ये घ्या. सरकारी जमीन किंवा सरकारी धावपट्टी सवलतीत घेतली असेल तर त्या व्यवहारातली नावं लोकांना कळलीच पाहिजेत. बारामतीत ऑक्टोबर 2023 मध्ये रेडबर्ड या संस्थेची दोन प्रशिक्षण विमानं चार दिवसांत पडली आणि डीजीसीएने तिचं प्रशिक्षण थांबवलं. तिथे संस्थेचं नाव झाकून बातमी लिहिणं म्हणजे तिथे आपली पोरं शिकायला पाठवणाऱ्या आईबापांची फसवणूक झाली असती. 2025 पासून डीजीसीए उड्डाण प्रशिक्षण संस्थांची क्रमवारीही जाहीर करतं. आपल्या भागातल्या संस्थेला त्यात कोणती श्रेणी आहे, हे किती बातम्यांत येतं? हा खरा फॉलोअप आहे. लाखो रुपयांची फी भरणाऱ्या पालकाला तो हवा आहे.

आपल्याकडची एक अडचण वेगळी आहे. इथल्या शिक्षण संस्थांच्या अध्यक्षपदी पुढारी असतात. विमान ट्रस्टचं, ट्रस्टचा अध्यक्ष आमदार, तर काय लिहायचं? 'आमदार अमुक अध्यक्ष असलेल्या संस्थेचं विमान' हे खरं आहे आणि लिहायला हरकत नाही, कारण सार्वजनिक पदावरच्या माणसाने आपल्या संस्थेबद्दल उत्तर द्यायचं असतं. 'आमदारांचं विमान पडलं' हे मात्र खोटं आहे. निवडणुकीच्या दिवसांत विरोधी गटाचा कार्यकर्ता तुम्हाला दुसरं हेडिंग सुचवेल, फोटोही आयता पाठवेल. त्या फोनपासून सांभाळा. आणि पुढारी असला तरी त्याच्या सुनेचा, नातवंडांचा या सगळ्याशी संबंध नाही.

वेळेबद्दल एक गोष्ट तळमळीने सांगायची आहे. अपघात झाला की वैमानिकाला, तो सांगण्याच्या स्थितीत नसेल तर मालकाला किंवा चालवणाऱ्याला, ब्यूरोला आणि डीजीसीएला 24 तासांच्या आत कळवावं लागतं. त्याच तासांत संस्थेची माणसं शिकाऊ मुलांच्या घरी फोन करत असतात. ही मुलं देशभरातून आलेली असतात. तुम्ही क्रमांक आणि मालकाचं नाव टाकलंत की त्या संस्थेत शिकणाऱ्या प्रत्येक मुलाच्या घरी धस्स होतं, आणि नेमक्या त्या एका घराला तर मुलाची बातमी मोबाईलच्या पडद्यावरून कळते. क्रमांक दिसणारा फोटो पहिल्या काही तासांत वापरू नका. दुसरा कोन घ्या, धावणारी माणसं घ्या, डोंगर घ्या. ब्यूरोची माणसं येईपर्यंत अवशेष हलवायचे नसतात, त्यामुळे क्रमांकाचा फोटो दुसऱ्या दिवशीही तिथेच मिळेल.

बाहेरच्या देशांतही वारं बदलतं आहे. अमेरिकेत विमानांची नोंदवही नाव-पत्त्यासकट वर्षानुवर्षं सगळ्यांना खुली होती. 2024 च्या त्यांच्या कायद्याने खासगी विमानमालकाला आपलं नाव, पत्ता जनतेपासून झाकून ठेवण्याची विनंती करता येऊ लागली आणि मार्च 2025 पासून तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाने तशा विनंत्या घ्यायला सुरुवात केली. यंत्रणेकडे माहिती पूर्ण राहते, पण ती रस्त्यावरच्या कोणालाही मिळत नाही. ब्रिटनमध्ये नोंदवही अजून खुलीच आहे. आपल्याकडे यादी खुली राहावी असंच मला वाटतं, कारण ती बंद झाली तर उद्या खऱ्या शोधपत्रकारितेचं दार बंद होईल. पण आज आपण तिचा वापर बंगल्यांचे फोटो काढायला केला, तर बंद करणाऱ्यांना आपणच कारण पुरवू.

शेतकऱ्याचा प्रश्न निघाला होता. ज्याच्या शेतात विमान पडलं त्याला भरपाई कोणाकडे मागायची हे कळलं पाहिजे, आणि ते सांगणं बातमीदाराचं काम आहे. त्यासाठी चालवणारी संस्था कोणती आणि पंचनामा कोणी केला एवढं पुरतं. विमा कंपनी कोणती हे संस्थेला विचारा आणि छापा. गर्दीने तुडवलेलं पीकही पंचनाम्यात घ्यायला तलाठ्याला सांगा. तुमचे आणि माझे कॅमेरेही त्याच वाफ्यांतून गेलेले असतात. शेतकऱ्याला मालकाचा बंगला माहीत होऊन एक रुपया मिळत नाही. फार तर भडकलेल्या जमावाला त्या बंगल्यापर्यंत पोहोचायला तो पत्ता कामी येतो. तुमच्या बायलाइनखाली, म्हणजे बातमीवर छापलेल्या तुमच्या नावाखाली, तो पत्ता असावा असं तुम्हाला वाटणार नाही.

विमानमालक, संस्थाचालक हे वाचत असतील तर त्यांनाही दोन शब्द. फोन बंद करून बसू नका. पहिल्या दोन तासांत चार ओळींचं निवेदन द्या: विमान कोणतं, किती जण होते, कोणत्या रुग्णालयात आहेत, कोणत्या यंत्रणेला कळवलं. बोलायला एकच माणूस नेमा, त्याचा नंबर द्या, आणि तो नंबर लागला पाहिजे. अपघाताच्या कारणाबद्दल अंदाज सांगू नका, प्रशिक्षकावर तर मुळीच ढकलू नका. बातमीदाराला संस्थेकडून काहीच मिळालं नाही की तो यादीकडे वळतो, आणि यादीत तुमचं नाव असतं. पोलिसांत खबर देतानाही लक्षात असू द्या की फिर्यादीत घरचा पत्ता लिहिला जातो आणि तो कागद संध्याकाळपर्यंत तालुक्यातल्या प्रत्येक बातमीदाराच्या मोबाईलवर असतो. बातमीदारांनो, फिर्यादीतला पत्ता हा पोलिसांच्या कामासाठी आहे, छापण्यासाठी नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. मालकाने फोन केला, 'बातमी काढून टाका' म्हणाला. बातमी काढू नका. अपघात झाला, संस्थेचं विमान होतं, हे घडलेलं आहे आणि ते राहिलं पाहिजे. पण त्याचं म्हणणं ऐकून घ्या आणि तीन गोष्टी तपासा. नाव चुकलं आहे का, म्हणजे विमान आधीच विकलं होतं का, किंवा तो नुसता भागीदार होता का? तसं असेल तर त्याच दिवशी दुरुस्त करा. वेबसाइटवर बातमीच्या वरच लिहा की आधी मालकाचं नाव चुकीचं दिलं होतं. छापील अंकात दुरुस्ती मूळ बातमी ज्या पानावर होती त्याच पानावर टाका. दुसरं, पत्ता, घराचा फोटो, घरच्यांची नावं असतील तर काहीही न विचारता काढा. त्यासाठी संपादकांच्या परवानगीची वाट पाहू नका, काढून मग कळवा. तिसरं, नाव बरोबर आहे, पण त्याची काही चूक तपासात निघाली नाही असा अंतिम अहवाल आला आहे का? आला असेल तर तो वाचा, त्यातलं कारण मूळ बातमीत जोडा आणि हेडिंग बदला. अंतिम अहवाल शक्यतो 12 महिन्यांत यावा असं आंतरराष्ट्रीय नियम सांगतो, प्रत्यक्षात जास्तही लागतात. तोवर बातमीदार बदललेला असतो, डेस्क बदललेलं असतं. म्हणून अपघाताच्या दिवशीच बातमीची लिंक, क्रमांक आणि तारीख एका वहीत लिहून ठेवा, आणि बदली झाली तर ती वही पुढच्या माणसाच्या हातात द्या.